सोळा रुपयांची खोली

भाऊ संमतीपत्र घेऊन वर आले तेव्हा आई नळाखाली कळशी लावून बसली होती. लालबागच्या आमच्या चाळीत पाणी अजून संध्याकाळी साडेचारलाच येतं. भाऊ म्हणजे चाळमालकांचे थोरले चिरंजीव, वय अडुसष्ट. राहतात याच चाळीत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. लहानपणी आम्ही एकाच जिन्याच्या कठड्यावरून घसरलो, एकाच गणपतीच्या मिरवणुकीत नाचलो. दर महिन्याच्या दहा तारखेला मात्र ते उंबऱ्याच्या आत असायचे आणि मी बाहेर, हातात भाड्याचे पैसे घेऊन. ते अंतर आमच्यात कुणी ठरवून आणलं नव्हतं. पण होतं.

"काकी, ५१ टक्के सह्या झाल्या की पुनर्विकासाचा प्रस्ताव पुढं सरकतो. पूर्वी ७० लागायच्या. आपल्या आता दोनच कमी आहेत."

आई म्हणाली, "आधी हिला वाचू दे."

मी वाचायला बसले आणि आईनं पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. त्या पेटीत आजोबांच्या नावाची १९५१ सालची भाडेपावती आहे. सोळा रुपये, खाली मालकांची शाईची सही. त्यानंतरची जवळजवळ प्रत्येक पावती, तीन पिढ्यांची रेशनकार्डं, विजेची बिलं, आजोबांचा आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला. बाहेरच्या माणसाला हा कागदांचा कचरा वाटेल. चाळीत वाढलेल्याला विचारा. आईनं अंगावरचं सोनं दोनदा गहाण ठेवलं, ही पेटी कुणाच्या हातात दिली नाही.

पेटी बघून भाऊंचा आवाज बदलला.

"काकी, राग मानू नका. पण या पेटीनंच ही इमारत खाल्ली."

मी वाचणं थांबवलं. "पेटीनं कशी खाल्ली, भाऊ? पावत्या तुमच्याच वडिलांनी फाडल्यात."

"पावती त्यांनी फाडली, आकडा त्यांनी ठरवला नाही. आकडा कायद्यानं ठरवला. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा, तोही तात्पुरता म्हणून आणलेला. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. माझ्या जन्माआधी थोड्या वर्षांसाठी आलेला कायदा माझ्या लग्नात होता, माझ्या मुलाच्या मुंजीत होता. या काळात डाळ कुठं गेली, सिमेंट कुठं गेलं, गवंड्याची मजुरी कुठं गेली? भाडं १९४० मध्येच उभं."

"तो कायदा आला तेव्हाची मुंबई आठवा. आठवा म्हणजे, तुमच्या वडिलांकडून ऐकली असेल ती. महायुद्ध संपलेलं, फाळणीचे निर्वासित येताहेत, कोकणातून आणि घाटावरून गाड्या भरून माणसं गिरण्यांत येताहेत. घरं तेवढीच. मालकानं उद्या भाडं तिप्पट म्हटलं तर माणूस जाणार कुठं? मुंबईत भाडं रोखायची वेळ पहिल्या महायुद्धातही आली होती, १९१८ चा कायदा त्याचाच. इंग्रज सरकारला भाडेकरूंचा पुळका नव्हता. गिरण्या आणि गोद्या चालायला कामगार शहरात टिकायला हवा होता."

"ते मान्य. आणीबाणीत आणीबाणीचा नियम. पण युद्ध संपून पन्नास वर्षं झाली तरी?"

या प्रश्नाला सरळ उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. सर्वोच्च न्यायालयानंही डिसेंबर १९९७ मध्ये हेच म्हटलं होतं: भाडं असं गोठवून ठेवणं एके काळी वाजवी असेल, आता ते मनमानी झालं आहे. कायदा तेव्हा रद्द केला नाही, कारण त्याची चालू मुदत थोड्याच महिन्यांत, ३१ मार्च १९९८ ला संपणार होती आणि शासनानं नवा कायदा आणणं अपेक्षित होतं. नवा कायदा १९९९ चा. तो अमलात यायला ३१ मार्च २००० उजाडलं.

पण भाऊंना उत्तर द्यायचं तर मला १९८२ मध्ये जावं लागतं.

"भाऊ, १८ जानेवारी १९८२. तुम्ही तेव्हा कॉलेज संपवून नोकरी शोधत होतात. माझे वडील गिरणीत साच्यावर. अडीच लाखांच्या आसपास माणसं संपावर गेली आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आमच्या घरात दीड वर्ष पगार नव्हता. आईची खाणावळ होती, तिचे मेंबर सगळे गिरणीतलेच. तेही गावी गेले. अकराचे तीन राहिले. त्या वर्षात आम्ही काय विकलं नाही? शिलाई मशीन गेलं, आईच्या पाटल्या गेल्या, माझी अकरावी एक वर्ष लांबली. खोली तेवढी राहिली. का राहिली? भाडं थकलं तरी आकडा एवढा लहान होता की मामानं मनीऑर्डर केली आणि सहा महिन्यांचं एकदम भरलं. भाडं बाजारभावानं असतं तर त्या वर्षी आमचं बिऱ्हाड चिपळूणच्या गाडीत असतं आणि मी पुढं शिकले नसते. मग शिक्षिका कुठली झाले असते?"

आई कळशी उचलता उचलता थांबली. "तुझ्या वडिलांनी तेव्हा तगादा लावला नाही हो भाऊ. ते पण सांगते."

"लावला नाही, काकी. लावून काय करणार होते?" भाऊ हसले नाहीत. "पण हिचं म्हणणं मी मान्य करतो. संपात या चाळीतल्या चाळीस बिऱ्हाडांना छप्पर राहिलं ते कायद्यामुळं. माझा प्रश्न वेगळाच आहे. त्या छपराचे पैसे कोणी दिले? सरकारनं कायदा केला, पुण्य सरकारला. खर्च माझ्या वडिलांच्या खिशातून. गरिबाला घर द्यायचं तर सरकारनं बांधून द्यावं. एका कारकुनी करणाऱ्या माणसाच्या वडिलोपार्जित चाळीवर समाजकल्याण कशाला?"

मी म्हटलं, "पागडी?"

भाऊ गप्प झाले. चाळीत हा शब्द मोठ्यानं उच्चारत नाहीत. जुन्या कायद्यात पागडी घेणं गुन्हा होता. तरी या शहरात एकही जुनी खोली तिच्याशिवाय हात बदलली नसेल. जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रोख रक्कम घ्यायचा आणि नव्या माणसाच्या नावानं पावती फाडण्यासाठी त्यातला तिसरा हिस्सा मालकाला पोचायचा. पावतीवर सोळा रुपये, पिशवीत लाखभर. १९९९ च्या कायद्याच्या ५६ व्या कलमानं हा व्यवहार उजेडात आणला, तोवर दोन पिढ्या रोखीतच वागल्या होत्या.

"घेतली," भाऊ म्हणाले. "वडिलांनी घेतली, मीही दोनदा घेतली. पण ती कधी मिळणार? कुणी खोली सोडली तर. तुमच्यासारख्यांनी सोडलीच नाही. आणि सोडायचं कारणही नव्हतं. पंधराव्या खोलीचे लोक १९९४ पासून बोरिवलीला राहतात. दर पाच महिन्यांनी त्यांचा पुतण्या येतो, दोन दिवस दिवा जाळतो, पंखा फिरवतो, विजेच्या बिलात युनिट दिसतील एवढं करतो आणि जातो."

हे खरं आहे. सबळ कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरात नसेल तर मालकाला ती परत मागता येते, असं कायदा म्हणतो. म्हणून गिरणगावातल्या कित्येक बंद खोल्यांत सहा महिने व्हायच्या आत कुणीतरी येऊन स्टोव्हवर चहा करतं. तसंच रेशनकार्डाचं. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो, म्हणून नोकरीला नाशिकला गेलेल्या मुलाचं नावही कार्डावरून काढायचं नाही. माझ्या भावाचं लग्न झाल्यावर त्याला पनवेलला स्वतंत्र संसार थाटायचा होता. वडिलांनी विचारलं, "मग खोलीवर कोण राहणार?" तो चार वर्षं बायकोला घेऊन या एकशे साठ चौरस फुटांत राहिला, मधे साडीचा पडदा लावून. कुठलंही कलम त्याला तसं करायला सांगत नव्हतं. पण तो पडदा तिथं लावला होता कायद्यानंच.

भाऊंच्या वडिलांनी एका बंद खोलीसाठी धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात दावा लावला होता. निकाल लागला तेव्हा वादी आणि प्रतिवादी दोघेही हयात नव्हते.

"खाली चला," भाऊ म्हणाले. "तुला दाखवतो."

आम्ही जिन्यानं उतरलो. दुसऱ्या वळणावर तुळईला लोखंडी टेकू दिलाय, तिथं अंग चोरून जावं लागतं. रस्त्याला लागून चार गाळे. एकात चक्की, एकात शिंपी, एकात बांगड्यांचं दुकान, चौथ्यात काचेचा दरवाजा आणि वातानुकूलित शोरूम.

"हा चौथा. याची उलाढाल मला माहीत नाही, पण याच्या दोन गाड्या रोज माझ्या दारात उभ्या असतात. भाडं देतो पाचशे चाळीस. नव्या कायद्यानं बँका, सरकारी महामंडळं, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेल्या भांडवलाच्या कंपन्या संरक्षणातून बाहेर काढल्या. याची कंपनीच नाही, दुकान एकट्याच्या नावावर. म्हणून तो तुझ्या आईएवढाच गरीब! कायदा माणूस बघत नाही. तो बघतो जागेत कोण कधीपासून आहे. तू सांगतेस संपातला कामगार. मान्य, हात जोडून मान्य. पण त्याच छत्रीखाली हा का?"

शोरूमसाठी मला काही बोलायचं नव्हतं. बाजूच्या शिंप्यासाठी होतं.

"तो काढा बाहेर. पण शिंप्याचं काय? तीस वर्षं तो शाळेचे गणवेश शिवतोय. बाजारभाव लावला तर उद्या इथं मोबाइलचं दुकान येईल. दादर-परळात चक्की, वाणी, छत्र्या दुरुस्त करणारा, इराण्याचं हॉटेल अजून दिसतं त्याचं मोठं कारण जुनं भाडं. धंदा शहाणपणानं चालतो हे खरं, पण लहान धंद्याला पाय टेकायला फूटभर स्वस्त जागा लागते. आईची खाणावळ याच खोलीत चालली. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच खाणावळवाल्या बायकांसाठी. बँकेचं कर्ज त्यांना मंडळामुळं मिळालं. पण चूल मांडायला जागा होती, म्हणून तर धंदा होता."

"आणि त्या चुलीवरचं छत गळतंय त्याचं काय?"

भाऊंनी खिशातून कागद काढला. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन, नऊ लाख. चाळीस खोल्या आणि चार गाळे मिळून महिन्याला साडेआठ हजार भाडं येतं, वर्षाचे एक लाख दोन हजार. कर, पाण्याचं बिल, झाडूवाला, जिन्यातला दिवा यांना एक पैसा न देता सगळं भाडं साठवलं तरी नुसती गच्ची दुरुस्त व्हायला जवळजवळ नऊ वर्षं.

नव्या कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली. आमचं भाडं २००० मध्ये, करबिर धरून, साठ रुपये होतं. चार टक्क्यांवर चार टक्के करत पंचवीस वर्षांत ते एकशे साठ झालं. मी शाळेत गणित शिकवायचे, हा हिशेब मी फळ्यावर कधी मांडला नाही. मालकानं दुरुस्ती केली नाही तर नोटीस देऊन भाडेकरूनं ती करावी आणि भाड्यातून वळती करावी, हेही कायद्यात आहे. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याची. आमच्या खोलीचा चौथा हिस्सा वर्षाला चारशे ऐंशी रुपये. त्यात प्लंबर घरी येतो आणि बघून जातो.

म्हणजे दुरुस्तीची जबाबदारी मालकावर, पैसा मालकाकडे नाही. हक्क भाडेकरूकडे, त्या हक्काची किंमत चारशे ऐंशी. मधे इमारत.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. १९६९ मध्ये दुरुस्ती उपकराचा कायदा झाला, त्यातून दुरुस्ती मंडळ आलं, ते पुढं म्हाडात गेलं. बेट मुंबईतल्या १९ हजारांहून जास्त इमारतींना उपकर लागू झाला. त्यातली 'अ' वर्गातली इमारत म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेली. भाडं गोठलं त्याच तारखेवरून इमारतींची वर्गवारी झाली. आज त्यातल्या १३ हजारांच्या आसपास उरल्या आहेत. दर पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी लावते आणि घराघरांत लोक आपलं नाव शोधतात. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळली, तीसहून अधिक माणसं गेली. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई. त्या रात्री आई पलंगावर झोपली नाही, दाराच्या चौकटीखाली चटई टाकून बसली होती. कुणीतरी तिला सांगितलं होतं, चौकट शेवटी पडते.

आम्ही परत वर आलो. आईनं चहा टाकला होता.

"१९८६ ला सरकारनं आणखी एक गंमत केली," भाऊ म्हणाले. 'गंमत' म्हणताना त्यांचा हात थरथरत होता. "म्हाडाच्या कायद्यात आठ-अ प्रकरण घातलं. भाडेकरूंची संस्था तयार असेल तर इमारत ताब्यात घ्यायची आणि मालकाला द्यायचं महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट. तुमच्या खोलीचे किती? सोळाशे. वडिलांनी ते वर्तमानपत्रात वाचलं आणि दोन दिवस जेवले नाहीत. १९९२ ला मालकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. नऊ न्यायमूर्तींचा निकाल आला ५ नोव्हेंबर २०२४ ला: प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. बत्तीस वर्षं. वडील असते तर पेढे वाटले असते. माझ्यात तेवढाही जोर उरला नाही."

शंभर पट अन्यायाचेच. मी तेव्हाही ते बरोबर मानलं नव्हतं आणि भाऊंना तसं सांगितलं. पण मला जे खरं बोलायचं होतं ते पुढचं.

"भाऊ, तुमचा मुलगा पुण्यात कसा राहतो?"

"भाड्यानं. लिव्ह अँड लायसन्स. अकरा महिने."

"कितवी जागा?"

"पाचवी. सहा वर्षांत पाचवी." ते थांबले. "नातीची शाळा तीच ठेवायची म्हणून आता शाळेपासून नऊ किलोमीटरवर गेलेत. दर वेळी दलालाला एक महिन्याचं भाडं, सामानाचा टेम्पो, गॅसचा पत्ता, आधारचा पत्ता. एका मालकानं तर सातव्या महिन्यातच सांगितलं, पुढचं बघा, माझा भाचा येतोय."

"म्हणजे तुमच्या नातीला माझ्या आईच्या पेटीतला एकही कागद मिळणार नाही."

"आणि तुझं डोंबिवलीचं घर?" भाऊंनी लगेच विचारलं. "आईकडे राहायला आल्यापासून तू भाड्यानं दिलंयस ना? किती महिन्यांचा करार?"

अकरा.

ते विचारतील हे मला माहीत होतं आणि तरी मला उत्तर द्यायला वेळ लागला. गेल्या वर्षी करार करायला एजंटचा मुलगा लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. आता दस्तनोंदणीसाठी कार्यालयात ताटकळावं लागत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा फोटो निघाला. अंगठा मात्र उमटेना. अडतीस वर्षांचा खडू आणि भांड्यांची पावडर, रेषाच उरल्या नाहीत. त्यानं रुमाल ओला करून पुसायला दिला, पाचव्या वेळी हिरवा दिवा लागला. भाडेकरू म्हणजे तरुण जोडपं, बाळ सात महिन्यांचं. त्या मुलीनं विचारलं, "मॅडम, दोन वर्षांचा करता येईल का?" मी म्हटलं, "नको, अकराच असू दे, पुढचं पुढं बघू." माझ्या मनात काय होतं ते मी जाणते. भीती. पेटीवाल्या घरातली मी, आणि समोरच्या मुलीजवळ पेटी होऊ नये म्हणून मी अकरा महिने लिहिले.

"हीच ती भीती," भाऊ म्हणाले. "ती १९७३ ला घातली गेली. तोवर लायसन्सी म्हणजे भाडेकरू नव्हे, असं मालक धरून चालले होते. सरकारनं दुरुस्ती केली: १ फेब्रुवारी १९७३ ला जो लायसन्सवर राहत असेल तो आपोआप भाडेकरू. एका तारखेत हजारो घरं गेली. त्या दिवसापासून मुंबईतला मालक कुलूप लावायला शिकला. घर रिकामं ठेवीन, पण देणार नाही."

२०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांहून जास्त घरं रिकामी मोजली गेली. सगळी या भीतीनं रिकामी नाहीत, गुंतवणुकीची आहेत, वारसांच्या भांडणातली आहेत. पण आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतच नऊ घरांना कुलूप आहे आणि त्यातल्या सहांच्या मालकांनी मला हेच कारण सांगितलंय.

"पण भाऊ, ते १९७३ होतं. आता कलम २४ आहे. लायसन्सची मुदत संपली आणि माणूस उठला नाही तर मालकाला दिवाणी दाव्यात झिजायचं कारण नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. लायसन्सी आता भाडेकरू होत नाही. मग आपण अजून कशाला घाबरतो?"

"अकरा महिने ठेवले की नोंदणी लागत नाही, म्हणून ठेवतात."

"तेही आता खरं नाही. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही हा १९०८ च्या नोंदणी कायद्याचा नियम. महाराष्ट्रात कलम ५५ आल्यापासून लायसन्सचा करार एक महिन्याचा असो की पाच वर्षांचा, लेखी आणि नोंदलेलाच पाहिजे. नाही केला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, शिवाय वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का, साठ महिन्यांपर्यंत तोच दर. अकरा या आकड्यामागे आपल्या राज्यात आता कायदाच नाही. नुसती सवय आहे."

भाऊंनी चहा बशीत ओतला आणि बराच वेळ फुंकत बसले.

"मग तुझं म्हणणं काय? १९४७ चांगला की २०००?"

"दोन्हींत अर्धं अर्धं आहे. माझ्या आईला कायद्यानं जागेची खात्री दिली, ते बरोबर केलं. त्याबरोबर भाडं गोठवलं, ते चुकलं. खात्री द्यायला आकडा गोठवावा लागत नाही. भाडं महागाईच्या मागोमाग सरकलं असतं तर तुमचे वडील गच्ची नीट ठेवू शकले असते आणि आई केसरबाईच्या रात्री चौकटीखाली बसली नसती. तुमच्या नातीच्या बाबतीत उलट झालं. भाडं मोकळं सोडलं, ते ठीक. पण खात्रीही काढून घेतली. लेकराला एका शाळेत चौथीपर्यंत शिकता येईल एवढीसुद्धा नाही."

"तीन वर्षं लिहून दिली आणि भाडंच थांबवलं तर?"

"भाडं थकलं तर करार संपेल, हे कलम घालता येतं. अनामत हातात असते. दरवर्षी किती टक्के वाढ ते आधीच लिहिता येतं. भाऊ, जोखीम शून्य होणार नाही. तुमच्या वडिलांनी साठ वर्षांची जोखीम पत्करली, तीही त्यांना न विचारता. आपण विचारपूर्वक तीन वर्षांची पत्करू शकत नाही?"

यावर त्यांनी होकार दिला नाही. ते म्हणाले, "तू मास्तरीण आहेस, तुला माणसांवर भरवसा ठेवायची सवय आहे. मला कोर्टाची आहे." आणि मग, पेला खाली ठेवताना, "पण पुण्याच्या मालकाला कुणी हे सांगितलं तर बरं होईल."

आईनं संमतीपत्र मागितलं. मी तिला अटी पुन्हा सांगितल्या: किमान तीनशे चौरस फुटांचं घर, मालकीचं, बांधकाम होईपर्यंत बाहेर राहायचं भाडं बिल्डर देणार. तिनं एकच विचारलं, "बाहेर राहायचं ते किती दिवस?" करारात छत्तीस महिने लिहिलंय. संक्रमण शिबिरात वीस वीस वर्षं काढलेली माणसं तिनं पाहिली आहेत, म्हणून मी बिल्डरच्या बँक हमीचं पान तिला उघडून दाखवलं आणि भाऊंसमोर सांगितलं, हमीचा कागद हातात आल्याशिवाय सही होणार नाही. भाऊ म्हणाले, "बरोबर आहे. मीही त्याशिवाय करणार नाही." त्या संध्याकाळी आम्ही दोघं पहिल्यांदा एका बाजूला होतो.

रात्री मी डोंबिवलीच्या त्या मुलीला फोन केला. पुढच्या महिन्यात करार संपतोय. या वेळी छत्तीस महिने लिहितेय, वर्षाला पाच टक्के वाढ, भाडं दोन महिने थकलं तर करार रद्द. तिनं आधी विचारलं, "मॅडम, नक्की?" मग म्हणाली, बाळाचं नाव समोरच्या बालवाडीत घालते.

तुमचंही एखादं घर भाड्यानं दिलेलं असेल, किंवा कुलूप लावून ठेवलेलं असेल. पुढचा करार करताना एजंट छापील मसुद्यात अकराच भरून आणेल. त्याला ते खोडायला सांगा आणि छत्तीस लिहायला लावा.